वेठ, सावड आणि स्वयंसेवा

'स्वयंसेवक' हा शब्द मराठीत इतका रुळलेला आहे की त्याची व्याख्या करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. नाथषष्ठीला पैठणच्या वाळवंटात वारकऱ्यांना पाणी देणारी महाविद्यालयीन विद्यार्थिनी, गणेशोत्सवात दोर धरून रांग लावणारा मंडळाचा मुलगा, रक्तदान शिबिरात नोंदवही सांभाळणारा निवृत्त कारकून, सभेच्या आदल्या रात्री खुर्च्या मांडणारा पक्षाचा कार्यकर्ता आणि गावात घरोघर फिरून गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणारी आशाताई, या सर्वांना तो सरसकट लावला जातो. या पाचही जणांचे काम उपयोगाचे असते. पण त्यामागची परिस्थिती पाहिली तर कोणी आपखुशीने आलेला असतो, कोणाला हजेरी भरायची असते, कोणी उद्याच्या उमेदवारीवर डोळा ठेवून राबत असतो आणि कोणाचे घर त्या कामाच्या तुटपुंज्या पैशांवर चालत असते. एकाच शब्दाखाली इतके वेगळे व्यवहार नांदू लागले की त्याच्या आडून अन्यायही होऊ शकतो, आणि म्हणून स्वयंसेवा कशाला म्हणावे व कशाला म्हणू नये हा प्रश्न केवळ कोशकारांपुरता राहत नाही.

शब्दाचे दोन घटक आहेत आणि त्यांतला 'सेवा' हा घटक दिसतो तितका सरळ नाही. भक्तिपरंपरेने सेवेला प्रेमाचा आणि समर्पणाचा अर्थ दिला हे खरे. पण त्याच्याही आधीपासून वर्णव्यवस्थेने सेवा हे काहींच्या कपाळी लिहिलेले कर्तव्य ठरवून ठेवले होते, आणि मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात उरलेल्या तीन वर्णांची निमूटपणे सेवा करणे हे शूद्राचे एकमेव कर्म म्हणून सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले, ते अशा लादलेल्या सेवेविरुद्धही होते. 'स्वयम्' या घटकाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. स्वयम् म्हणजे आपण होऊन, नाही म्हणण्याची पूर्ण मोकळीक असताना. हा घटक पुढे जोडला की तीच सेवा जन्माने चिकटलेले ओझे न राहता माणसाने स्वतः निवडलेले काम होते. स्वयंसेवेची बाकी सारी तत्त्वे या एका मोकळिकीतून निघतात, आणि जेथे ती मोकळीक नसते तेथे काम कितीही पुण्याचे असले तरी त्याला दुसरे नाव द्यावे लागते.

वेठीची आठवण

ते दुसरे नाव मराठवाड्याला चांगले परिचयाचे आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील खेड्यांत अधिकारी, जहागीरदार व गावचे वतनदार यांच्यासाठी दुर्बल जातींतील माणसांनी विनामोबदला राबण्याची पद्धत होती. तिला वेठ किंवा वेठबिगार म्हणत. साहेबाचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहून नेणे, लाकडे फोडणे, निरोप पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, अशी ही कामे असत आणि ती कोणी, केव्हा व किती वेळ करायची हे करणाऱ्याने ठरवायचे नसे. महार वतनाची रचना याच तत्त्वावर उभी होती: जमिनीचा लहानसा तुकडा आणि बलुत्याचे धान्य यांच्या बदल्यात घरातील कोणालाही रात्री-अपरात्री कामाला जुंपता येई. मुंबई इलाख्यातील हे वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे भारतीय संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि सक्तीची मजुरी यांवर बंदी घातली. ज्या वर्षी ते संविधान अमलात आले त्याच १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू झाले आणि मिलिंद महाविद्यालय या नावाने नागसेनवनात वाढले. ज्यांच्या आजोबांनी वेठ केली होती अशी मुले तेथे शिकू लागली.

स्वयंसेवेच्या विवेचनात वेठीला इतकी जागा देण्याचे कारण असे की बाहेरून पाहणाऱ्याला वेठ आणि श्रमदान सारखेच दिसू शकतात. दोन्हींत माणसे टिकाव-फावडे घेऊन राबतात, दोन्हींत संध्याकाळी मजुरी मिळत नाही. फरक एवढाच की एकात नाही म्हणणाऱ्याला शिक्षा असते आणि दुसऱ्यात नसते. आणि हा फरक डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तो मुद्दाम विचारून पाहावा लागतो. ज्या गावात श्रमदानाला न येणाऱ्या घराला दंड होतो, किंवा त्याचे रेशन, पाणी, दाखला अडवला जातो, त्या गावातील काम लोकहिताचे असेल, ग्रामसभेने बहुमताने ठरवलेलेही असेल, परंतु ते श्रमदान उरत नाही. त्याच २३व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या भागात सार्वजनिक कारणासाठी राज्यसंस्था सक्तीची सेवा लावू शकते आणि तसे करताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेद करता येणार नाही असे म्हटले आहे. म्हणजे सक्तीची लोकसेवा ही कल्पना संविधानाला अमान्य नाही. पण तिला स्वयंसेवा म्हणणे हा भाषेचा गैरवापर होईल.

परतफेड, दान आणि वेळ

वेठ जशी खालची मर्यादा दाखवते तशी सावड दुसऱ्या बाजूची मर्यादा दाखवते. सावड म्हणजे दोन-चार शेतकऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबणे. आज तुमची पेरणी, उद्या आमची. इर्जिकीत याहून मोकळेपणा असतो: ज्याचे काम अडले आहे तो गावाला बोलावणे पाठवतो, लोक आपापली औते आणि बैल घेऊन येतात, एका दिवसात रान उरकते आणि ज्याचे रान तो सर्वांना जेवू घालतो. या प्रथांनी कोरडवाहू शेतीत, जेथे वाफसा चार दिवसच टिकतो, अनेक कुटुंबांना तारले आहे आणि ट्रॅक्टर व रोख मजुरी आल्यावर त्या मागे पडल्या याची खंत वाटावी इतक्या त्या मोलाच्या होत्या. तरीही सावड हा मुळात देवघेवीचा व्यवहार आहे. त्यात ज्याच्याकडे बैल नाही, मनुष्यबळ नाही, परत देण्यासारखे काहीच नाही, असा माणूस बाहेर राहतो. एकट्या राहिलेल्या विधवेचे रान सावडीत बसत नाही. स्वयंसेवा नेमकी तेथे सुरू होते, कारण तिच्यात परतफेडीची अट नसते.

दानाशी तिचे नाते जवळचे आहे, पण ते दोन्ही एक नव्हेत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यांत इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे लेख आहेत आणि त्यांत प्रतिष्ठान म्हणजे पैठण येथील गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातील मितदेव नावाच्या गृहस्थाने दिलेल्या दानाची नोंद आहे. छत्रपती संभाजीनगर शहरातील पाणचक्की ही अशीच एक लोकोपयोगी सोय. डोंगरातून खापरी नळांनी आणलेल्या पाण्यावर ती चाले आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्या यात्रेकरूंसाठी तेथे पीठ दळले जाई. दान करणारा आपल्या संपत्तीतला वाटा देतो आणि तो देऊन झाल्यावर बाजूला होतो. स्वयंसेवक आपला वेळ देतो, आणि वेळ देणाऱ्याला स्वतः तेथे उभे राहावे लागते, ज्याच्यासाठी काम करायचे त्याच्याशी बोलावे लागते, उन्हातान्हात त्याची अडचण पाहावी लागते. दानशूराला गरजूचा चेहरा माहीत नसला तरी चालते. स्वयंसेवकाचे तसे चालत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पुढाकाराने भरलेल्या संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेत २०१३ साली जी व्याख्या स्वीकारली गेली तिच्यात या गोष्टी काटेकोरपणे मांडल्या आहेत. सक्ती नसताना, मोबदल्याशिवाय, इतरांसाठी केलेले काम म्हणजे स्वयंसेवेचे काम, आणि 'इतर' म्हणजे स्वतःच्या घराबाहेरचे व कुटुंबाबाहेरचे लोक. या व्याख्येत दोन बारकावे आहेत. पहिला असा की संस्थेत नाव नोंदवलेले असण्याची अट नाही. शेजारच्या आजींना दर आठवड्याला सरकारी रुग्णालयात नेणारा तरुण कोणत्याही संस्थेचा सभासद नसला तरी स्वयंसेवकच आहे. दुसरा असा की प्रवासखर्च, जेवण किंवा अल्पसा भत्ता दिल्याने काम मोबदल्याचे होत नाही, कारण त्यामागे खर्चाची भरपाई हा हेतू असतो. हा दुसरा मुद्दा आपल्याकडे फारसा लक्षात घेतला जात नाही. स्वयंसेवकाने खिशातला पैसा घालून यावे अशी अपेक्षा ठेवली की हातावर पोट असलेली माणसे आपोआप गळतात आणि स्वयंसेवा हा सुस्थित घरांचा छंद होऊन बसतो.

वेळेच्या बाबतीत याहून मोठी विषमता आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील व्यक्तींनी एका दिवसात कोणकोणती कामे केली याची नोंद झाली. स्वयंसेवा, विनावेतन प्रशिक्षण आणि तत्सम विनावेतन कामात त्या दिवशी सहभागी झालेल्यांचे प्रमाण अवघे २.४ टक्के होते. त्याच सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के आणि पुरुषांचे २६.१ टक्के निघाले, आणि हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, खर्च करत होत्या; पुरुष ९७ मिनिटे. हे घरकाम व्याख्येनुसार स्वयंसेवेत मोजले जात नाही आणि ते योग्यच आहे, परंतु दुसऱ्यासाठी वेळ काढायचा तर आधी तो स्वतःच्या मालकीचा असावा लागतो. एखाद्या सामाजिक उपक्रमात स्त्रिया येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या संयोजकांनी उपक्रमाची वेळ सकाळी सातची ठेवली आहे का आणि त्या वेळी त्या घरांत चुली कोण पेटवते, एवढे तरी पाहून घ्यावे.

येणे आपखुशीचे, राहणे बांधिलकीचे

मोकळिकीचा आणखी एक गैरसमज दूर करणे भाग आहे. काम आपखुशीचे आहे म्हणजे ते मर्जीचे आहे असा अर्थ घेतला जातो. वाटले तर यावे, कंटाळा आला तर जाऊ नये, पैसे थोडेच घेतले आहेत. हा अर्थ स्वयंसेवेचा घात करणारा आहे. पत्करण्यापूर्वी स्वयंसेवक पूर्ण मोकळा असतो. पत्करल्यानंतर त्याच्या शब्दावर कोणी तरी विसंबलेले असते. अंध विद्यार्थ्याला लेखनिक म्हणून जाण्याचे कबूल करून परीक्षेच्या सकाळी फोन बंद ठेवणारा माणूस त्या विद्यार्थ्याचे जे नुकसान करतो ते पगारी नोकराने केलेल्या चुकारपणापेक्षा तसूभरही कमी नसते. म्हणून चांगल्या संस्था स्वयंसेवकाला काम लेखी समजावून देतात, प्रशिक्षण देतात, किती महिने काम करणार हे आधी विचारतात आणि थांबायचे असेल तर सन्मानाने थांबण्याची वाटही ठेवतात. १८५९ साली सोल्फेरिनोच्या लढाईतील जखमींची शुश्रूषा करणाऱ्या आसपासच्या स्त्रियांना पाहून आंरी द्युनांला रेडक्रॉसची कल्पना सुचली, आणि त्यातही त्याचा आग्रह असा होता की अशा स्वयंसेवकांचे प्रशिक्षण शांततेच्या काळातच झाले पाहिजे. रेडक्रॉसने १९६५ साली जी सात मूलतत्त्वे जाहीर केली त्यांत स्वयंसेवा हे एक तत्त्व आहे. परंतु निःपक्षपातीपणाचे तत्त्व त्याच्याही आधी येते, म्हणजे मदत कोणाला द्यायची हे स्वयंसेवकाच्या आवडीनिवडीने ठरत नाही, गरजेच्या तीव्रतेने ठरते.

महाविद्यालयीन तरुणांना या दोन्ही गोष्टी, मोकळीक आणि बांधिलकी, एकाच वेळी शिकवण्याचा देशातील सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास नियमित काम आणि एखाद्या दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर असे तिचे स्वरूप आहे, आणि 'मी नव्हे, तुम्ही' अशा आशयाचे तिचे ब्रीद आहे. मराठवाड्यात या योजनेचे सात दिवस अनेक शहरी मुलांना पहिल्यांदा टँकरची वाट पाहणारे गाव दाखवतात आणि एवढ्यासाठी तरी ती टिकली पाहिजे. पण तिच्यावरचा एक आक्षेप गंभीर आहे. तास मोजले जातात, त्यांना गुण किंवा श्रेयांक जोडलेले असतात, आणि मग काम संपवण्यापेक्षा तास भरण्याकडे लक्ष लागते. वृक्षारोपणाचे खड्डे दरवर्षी त्याच टेकडीवर, कधी कधी त्याच जागी खणले जातात. गुण देणे हा दोष नव्हे, कारण विद्यार्थ्याला सुरुवातीला काही निमित्त लागते. मोजमाप झाडे लावण्याचे न ठेवता तिसऱ्या उन्हाळ्यात जगलेल्या झाडांचे ठेवले, तर त्याच गुणांतून वेगळी सवय लागेल.

मजुरीच्या जागी श्रमदान नको

स्वयंसेवेचे जे तत्त्व जगभरच्या संस्थांनी स्वीकारले आहे आणि जे पाळताना सर्वांत जास्त कुचराई होते ते म्हणजे स्वयंसेवकाने पगारी कामाची जागा घेऊ नये. मराठवाड्यात या तत्त्वाला दुष्काळाचा इतिहास आहे. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि बांधबंदिस्तीच्या कामांना गेली ती मजुरीसाठी, आणि त्या अनुभवातून विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली महाराष्ट्राने कायद्याचे रूप दिले. मागेल त्याला काम आणि कामाला दाम, हा हक्क त्यातून मिळाला. पुढे २०१६ साली पानी फाउंडेशनने गावांसाठी जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी तीन तालुके होते, त्यांत मराठवाड्यातील अंबाजोगाई हा एक, आणि २०१९पर्यंत ही संख्या ७६ तालुक्यांवर गेली. रात्रीच्या चांदण्यात समतल चर खोदणारी गावे आणि १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतून आलेले लोक यांनी महाराष्ट्राला जलसंधारणाची भाषा शिकवली, हे निर्विवाद आहे.

तरीही एक प्रश्न विचारलाच पाहिजे: श्रमदान कोणाचे आणि पाणी कोणाच्या विहिरीत? माथ्यावर चर खोदले की पायथ्याच्या विहिरींना पाणी वाढते, आणि त्या विहिरी ज्यांची जमीन आहे त्यांच्या असतात. भूमिहीन मजुराने सहा आठवडे श्रमदान केले तर त्याची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते आणि वाढलेल्या पाण्यातला वाटा त्याला आपोआप मिळत नाही. ज्या गावांनी याचा विचार केला ती गावे टिकली. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांच्या जोडीला श्रमदान स्वीकारले, पण त्याबरोबर शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर निर्बंध घातले आणि दरवर्षी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. सर्वांच्या घामातून आलेले पाणी सर्वांचे आहे हे मान्य झाल्यावरच तेथील श्रमदान न्याय्य ठरले.

आशा कार्यकर्त्यांचा प्रश्न याच तत्त्वाचा आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार लोकसंख्येमागे एक अशी ही योजना आली तेव्हा त्यांना मानसेवी स्वयंसेविका म्हटले गेले आणि कामागणिक मोबदला ठरवला गेला. पुढे लसीकरण, प्रसूती, क्षयरोग, सर्वेक्षणे अशी कामांची यादी वाढत गेली. करोनाच्या साथीत तर घरोघर जाऊन ताप व प्राणवायूची पातळी मोजण्याचे काम त्यांनी केले, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील सर्व आशांचा गौरव केला. दरम्यान २०२१मध्ये आणि पुन्हा २०२३मध्ये महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले होते. ज्या कामाला रोजचे तास आहेत, वरिष्ठ आहेत, अहवाल आहेत आणि जे केले नाही तर जाब विचारला जातो ते काम नोकरीचे आहे. त्या स्त्रियांच्या सेवाभावाबद्दल कोणालाच शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या कामाला स्वयंसेवा म्हणून वेतनाचा प्रश्न टाळण्याबद्दल, आणि या बाबतीत त्यांची मागणी रास्त आहे असेच म्हणावे लागते.

शहरातही हीच कसोटी लागू पडते. फेब्रुवारी २०१८मध्ये नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे आपल्या दारात पडणारा शहराचा कचरा अडवला आणि औरंगाबादच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सवय अनेक वसाहतींना त्या संकटात लागली, आणि ती लावण्यासाठी नागरिक गटांनी दारोदार जाऊन समजावण्याचे काम केले. पुढे २०२१पासून महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हॅरॉक उद्योगसमूह यांनी मिळून खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. पाणचक्कीच्या कडेने वाहणारी ही नदी शहराचा नाला झाली होती. विद्यार्थी, निवृत्त लोक, वसाहतींतील रहिवासी नदीकाठच्या स्वच्छतेला येऊ लागले आणि त्या कामाची दखल शहरांसाठीच्या एका आंतरराष्ट्रीय पारितोषिकाच्या अंतिम फेरीपर्यंत घेतली गेली. येथे स्वयंसेवकांनी सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधले नाही आणि बांधू नये. ते महापालिकेचे काम आहे. गटारातला गाळ उपसणे हे यंत्राचे आणि पुरेशी सुरक्षा व पूर्ण पगार मिळणाऱ्या कामगाराचे काम आहे. स्वयंसेवकांनी केले ते असे की नदीकडे पाठ करून बसलेल्या शहराला तिच्याकडे तोंड करायला लावले, आणि महापालिका काय करते आहे यावर नजर ठेवणारे डोळे निर्माण केले. कोणताही कंत्राटदार हे काम करू शकत नाही.

घेणाऱ्याची प्रतिष्ठा

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपेत असताना, किल्लारीला भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली आणि ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून स्वयंसेवक धावले, आणि पहिल्या दिवसांत ढिगारे उपसणाऱ्या त्या हातांचे मोल कधीच फिटणार नाही. परंतु त्या भूकंपाने शिकवलेली अधिक खोल गोष्ट नंतरच्या वर्षांतली आहे. घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बचतगटांतील व महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. भूकंपग्रस्त असलेल्या याच स्त्रिया आपल्या गावातल्या लोकांना बांधकामाचे नियम समजावून सांगू लागल्या, हप्ते कोठे अडले ते विचारू लागल्या, भिंतीत आडवे पट्टे घातले आहेत की नाहीत ते पाहू लागल्या. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा त्यांतील काही जणी कच्छच्या स्त्रियांना आपला अनुभव सांगायला गेल्या आणि २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही पोचल्या.

घेणाऱ्याला कायमचा घेणारा समजायचे नाही, हे तत्त्व यात आहे. मदत वाटताना रांगेतल्या माणसाचे छायाचित्र काढणे, वापरून विटलेले कपडे गरजूंना दिले म्हणून समाधान मानणे, वस्तीतल्या लोकांना न विचारता त्यांच्या भिंतींवर चित्रे रंगवून येणे, या गोष्टी वाईट हेतूने होत नाहीत. पण त्यांत समोरच्याला काय हवे आहे हा प्रश्न विचारलेला नसतो. १८९७ साली प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतःचा प्राण गमावला. ज्यांना लोक शिवायला तयार नव्हते त्यांना त्यांनी उचलून आणले, आणि घेणाऱ्याची प्रतिष्ठा राखणे म्हणजे काय याचे उदाहरण महाराष्ट्राला याहून वेगळे शोधावे लागत नाही.

रक्त: मोकळिकीची परीक्षा

स्वयंसेवेत मोबदला का नको, या प्रश्नाचे सर्वांत ठोस उत्तर रक्तपेढीत मिळते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधील ऐच्छिक रक्तदानाची तुलना अमेरिकेत त्या काळी चालणाऱ्या रक्तविक्रीशी केली आणि विकत घेतलेले रक्त अधिक धोकादायक असते व अधिक वाया जाते असा निष्कर्ष काढला. कारण साधे आहे: पैशासाठी रक्त देणारा आपला आजार लपवतो, कारण तो सांगितला तर त्या दिवसाची कमाई बुडते, आपखुशीने देणाऱ्याला लपवण्यासारखे काही नसते. भारतात व्यावसायिक रक्तदाते हा मोठा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून रक्ताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. त्यानंतरही 'बदली रक्तदान', म्हणजे रुग्णाला रक्त हवे असेल तर नातेवाइकाने आधी द्यावे, ही पद्धत अनेक ठिकाणी राहिली. आणि ती वेठीहून वेगळी असली तरी मोकळी नाही, कारण शस्त्रक्रियेच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

छत्रपती संभाजीनगरात हे काम सरकारी आणि संस्थात्मक अशा दोन्ही अंगांनी चालते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला सारा मराठवाडा 'घाटी' म्हणून ओळखतो, तेथे रक्तपेढी आहे. आणि १९८९ साली काही तरुण डॉक्टरांनी एकत्र येऊन स्थापन केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानच्या हेडगेवार रुग्णालयाशी जोडलेली दत्ताजी भाले रक्तपेढीही आहे. या पेढ्यांची गरज जयंत्या, पुण्यतिथ्या आणि वाढदिवस यांच्या वेळापत्रकाने ठरत नाही. साठवणीच्या द्रावणात रक्त साधारण ३५ दिवस टिकते, त्यातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट पेशी पाच दिवस. एका दिवशी हजार बाटल्या जमल्या तरी पुढच्या महिन्यासाठी त्या पुरत नाहीत, आणि म्हणून रक्तदानात उत्साहापेक्षा नियमितपणाला किंमत आहे.

एप्रिल आणि मे महिन्यांत परीक्षा, सुट्ट्या, लग्नसराई आणि ऊन यांमुळे शिबिरे रोडावतात. थॅलेसेमिया असलेल्या मुलाला मात्र त्या दोन महिन्यांतही दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, रक्तातील हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम आणि प्रकृती निरोगी असेल तर पुरुषाला दर ९० दिवसांनी व स्त्रीला दर १२० दिवसांनी रक्त देता येते. या अटींत बसणाऱ्या प्रत्येक वाचकाने पुढच्या मे महिन्यातील एक तारीख आजच लिहून ठेवावी आणि त्या दिवशी जवळच्या रक्तपेढीत जावे.